सहावं तोंड

बॅरन स्पातारोचा नवा महाल पुरा होत आला, तेव्हा पिएत्राकाल्दातली निम्मी घरं अजून एका खोलीची होती. मोठ्या भूकंपाला बेचाळीस वर्षं झाली होती. त्या दिवशी राव आणि रंक एकाच ढिगाऱ्याखाली गेले खरे, पण उठून उभं राहताना ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. गरिबांनी पडलेलेच दगड उचलून चार भिंती रचल्या. बडे लोक सिराकूझा शहरातून आराखडे काढणारे घेऊन आले आणि एकमेकांच्या नाकावर टिच्चून महाल उठवायला लागले. समोरच्या बॅरनच्या घराची भिंत सरळ होती, म्हणून स्पातारोला आपली लाटेसारखी हवी होती, मध्ये आत गेलेली आणि दोन्ही कडांना पोट काढलेली. समोरच्याला एक जिना होता. म्हणून याच्या चौकातून दोन बाजूंनी दोन जिने निघत, वळणं घेत वर जात आणि पुन्हा एकाच दारात भेटत. चालणाऱ्याला दुप्पट पायऱ्या दिसत, चढायला तेवढ्याच लागत.

महालाच्या डाव्या अंगाला सहा खिडक्या होत्या. उजव्या अंगाला पाचच मावल्या, तेव्हा सहावी भिंतीवर रंगवून घेतली, अर्धी झडप उघडी ठेवून. दिवाणखान्याचं छत खालून दगडी कमानीसारखं दिसे आणि त्यावर ढगांत लोळणारे गुबगुबीत देवदूत होते, पण ते सगळं बोरूच्या चटईवर थापलेल्या चुन्यावर. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो इथे हातानं वाजवून बघता येई. अर्थात भूकंपाच्या मुलखात पोकळ वासाच बरा, डोक्यावर पडला तर निदान माणूस वाचतो.

पोकळ नव्हता तो फक्त महादरवाज्यावरचा मोठा सज्जा. त्याची फरशी एकसंध जाड दगडाची, कठडा लोखंडी आणि खाली पोट काढलेला, म्हणजे बायकांचे घेरदार झगे चेपायला नकोत. या सगळ्या ओझ्याला खालून खांदा देणारे सहा दगड होते, आणि त्या सहा दगडांवर सहा तोंडं कोरायची होती. ते काम ब्लासी मेस्त्रीकडे होतं. गावात त्याच्यासारखा पाथरवट दुसरा नव्हता, आणि ते त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

पाच तोंडं झाली. पगडीवाला तुर्क, पंखांचा घोडा, गाल फुगवून बासरी वाजवणारा, कान टवकारलेली चुगलखोर बाई आणि आयाळ विस्कटलेला सिंह. बॅरन काम बघायला आला.

"हात चुंबतो, सरकार," ब्लासी टोपी काढून म्हणाला.

"चुंब, चुंब. आधी हे सांग, हा तुर्क कुठून आणलास? माझ्या घरच्या पाद्र्यापेक्षा सज्जन दिसतोय." बॅरननं काठीनं तुर्काच्या नाकाला टोचलं. "आणि हा सिंह. समोरच्याकडे चार आहेत सिंह. सिंहाला बघून कोणी हसलंय का आजवर?"

"हसायला हवं का, सरकार?"

"माझ्या सज्ज्याखालून जाणारा माणूस थांबला पाहिजे. आधी हसला पाहिजे, मग दचकला पाहिजे. दुष्ट नजर त्या तोंडावर अडकून तिथेच मेली पाहिजे. ही पाच राहू देत. सहावं मला असं दे की माझ्या घरी जेवायला येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याबद्दल बोलेल. जमलं तर माझ्या घराण्याच्या ढालीच्या खाली, महादरवाज्याच्या कमानीवर, माणसाचा हात पोचेल त्या दगडावर तुझं नाव कोर. मी परवानगी देतो."

पाथरवटाचं नाव कमानीवर, हे त्या गावात कधी घडलं नव्हतं. ब्लासीच्या आईबापांचं नाव तर कुठेच नव्हतं. भूकंपात मेलेल्यांना सामाईक खड्ड्यांत चुना टाकून पुरलं, थडगी कुणी बांधली? ब्लासी त्या दिवसापासून मनात मांडे खाऊ लागला. आग्रा-दिल्लीचं तख्त मिळाल्यासारखा त्या रिकाम्या कमानीकडे बघत उभा राही.

पण सहावं तोंड काही सुचेना. वाकडं नाक काढलं, ते विदूषकाचं वाटलं. शिंगं काढली, तो मिरवणुकीतला सैतान झाला. तिथला दगड एक मोठा खोडकर आहे. खाणीतून नुकता काढलेला ओला असतो, ताज्या चीजसारखा कापला जातो. दोन-तीन आठवडे ऊनवारा लागला की आतलं पाणी बाहेर येऊन वाळतं आणि अंगावर कडक साल धरतं. मग छिन्नी घसरते तरी, नाहीतर दगड उभा फुटतो. म्हणजे जे काय करायचं ते ओलं आहे तोवर. ब्लासी हातात हातोडा घेऊन ओल्या दगडासमोर बसून राहिला, आणि दिवस चालले होते.

मग एका सकाळी हात आपोआप चालायला लागले. गालाचं हाड आत गेलं. ओठाचा कोपरा खाली ओघळला. एका डोळ्याची पापणी अर्ध्यावर येऊन थांबली. दुपारपर्यंत ब्लासीला कळून चुकलं की आपण कुणाचं तोंड कोरतोय.

ते लिबोरियोचं होतं.

लिबोरियो आता बहात्तर वर्षांचा होता. भूकंप झाला तेव्हा तिशीतला, उंच, देखणा गवंडी, लग्न ठरलेला. शेजारच्या घराच्या दारावरचं तुळवट खाली आलं, तेव्हा त्यानं ते खांद्यावर आणि गालावर पेलून धरलं, आणि त्याच्या दोन पायांमधून लोकांनी चार वर्षांचं एक पोर बाहेर ओढलं. ते पोर म्हणजे ब्लासी. पोर बाहेर आलं आणि तुळवट सरकलं. लिबोरियोचा उजवा गाल आत गेला, तो कायमचा. ठरलेल्या मुलीनं महिनाभर डोळे पुसले आणि दुसऱ्याशी लग्न केलं. लिबोरियोनं ब्लासीला वाढवलं, हातात छिन्नी दिली, त्याचं लग्न लावून दिलं, आणि आता तो ब्लासीच्याच घरी, गावाच्या खालच्या आळीत राहत होता. न्हाव्याकडे तो बेचाळीस वर्षांत गेला नव्हता. दर शनिवारी परसात बादलीभर पाणी घ्यायचा, त्यात बघून स्वतःची दाढी करायचा. ब्लासीच्या बायकोनं, आग्रिपिनानं, माहेरून एक हातआरसा आणला होता. तो तिनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पेटीच्या तळाशी ठेवला. तसं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ब्लासीनं छिन्नी खाली ठेवली. खरं म्हणजे इथेच गोष्ट संपायला हवी होती. दगड ओला होता, दोन घाव पुरले असते. पण त्यानं मागे सरून पाहिलं, आणि ते तोंड बाकीच्या पाचांपेक्षा कितीतरी जिवंत होतं. कारागिराला आपल्या हातचं चांगलं काम मोडवत नाही. हा काही गुन्हा नव्हे, पण सबब म्हणून हे किती वेळा वापरलं जातं, ते कारागिरांनाच विचारावं.

त्यानं एक तोड काढली. अजून सगळं कच्चंच होतं. भोवतीचा दगड उतरवून त्यानं उजवा गाल भरीव केला आणि डावा आत घेतला. उजव्या डोळ्याऐवजी डावा अर्धा मिटला. लिबोरियोचं तोंड उजवीकडे वाकडं, याचं डावीकडे. मग हा लिबोरियो कसा? असं स्वतःला बजावत त्यानं तीन दिवसांत काम संपवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही म्हणतात. या दगडानं घाव सोसले आणि त्याच्या वाट्याला चेष्टा आली.

बॅरन आला, ते तोंड बघून इतका हसला की काठी हातातून पडली. "हेच," तो डोळे पुसत म्हणाला. "हेच हवं होतं. तू गवंडी नाहीस रे, तू मूर्तिकार आहेस." जमलेले सगळे हसले. ब्लासीही हसला. आपण हसलो हे त्याला पुढे फार वर्षं आठवत राहिलं.

गवंड्यांमध्ये कोला नावाचा एक तोंडाळ माणूस होता. बॅरनची पाठ वळताच तो म्हणाला, "मेस्त्री, हा तर आपला लिबोरियोकाका."

"डोळे फुटलेत का तुझे? बाबांचं उजवीकडे वाकडं आहे. याचं डावीकडे."

"हां हां. मग काकांचा जुळा भाऊ असेल, ढिगाऱ्यात हरवलेला."

परांचीवरची माणसं खो खो हसली. ब्लासीनं पाठ फिरवली आणि उगाचच छिन्नीला धार लावत बसला.

दुसऱ्या दिवशी आग्रिपिना नवऱ्याचं जेवण घेऊन आली, वालाच्या घट्ट पिठल्यासारखं कालवण आणि पाव. तिनं ते तोंड पाहिलं. मग भांडं खाली ठेवून म्हणाली, "हे फोड."

"अगं, याचं डावीकडे..."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. चार पोरं जन्माला घातलीत मी त्या घरात, त्या तोंडाच्या समोर. मला डावं-उजवं शिकवतोस?"

"बॅरननं पसंत केलंय. कमानीवर नाव यायचंय माझं."

"नाव येईल की. वर त्यांचं तोंड, खाली तुझं नाव. कुणी केलं ते शोधायला लोकांना कष्ट नकोत." तिनं पदरासारखी शाल डोक्यावरून ओढून घेतली. "ज्या तोंडामुळे तू उभा आहेस, त्याला बॅरनच्या पाहुण्यांनी हसायचं? तुला लाज वाटत नाही म्हणून मला वाटतेय."

"उद्या फोडतो," ब्लासी म्हणाला.

उद्याचा परवा झाला. परवा कमानीवर नाव कोरायचं होतं. तेरवा समोरच्या बॅरनचा कारभारी चोरून काम बघून गेला आणि त्याचा पडलेला चेहरा बघण्यात दिवस गेला. असं करता करता वीस दिवस उलटले आणि सहाही दगड भिंतीत बसले. मग एके दिवशी दुपारी सगळी माणसं जेवून सावलीत आडवी झाली असताना ब्लासी हातोडा आणि जाड छिन्नी घेऊन परांचीवर चढला. सकाळीच सज्ज्याची फरशी बसवली होती. खालून लाकडाचे टेकू दिलेले होते. सहाही दगडांच्या मानेवर आता ओझं आलं होतं.

त्यानं ओघळलेल्या ओठावर छिन्नी टेकवून एक घाव घातला. दगडानं साल धरली होती. छिन्नी घसरली आणि कानाचा एक कपचा उडून खाली पडला. वर, फरशी आणि भिंत यांच्या सांध्यातून चुन्याची धूळ भुरभुरली.

खालून कोलाचा आवाज आला. तो डोळे चोळत उठून बसला होता. "मेस्त्री, आत्ताच बसवलाय तो सज्जा. खाली आणायचाय का? नाही, म्हणजे आणायचा असेल तर मी जरा तिकडे जाऊन झोपतो."

ब्लासी खाली उतरला. काम हाताबाहेर गेलं होतं, आणि ते कुणी तिसऱ्यानं नेलं नव्हतं.

आता एकच गोष्ट उरली होती, आणि तिचीच त्याला धास्ती होती. भूकंपानंतर पिएत्राकाल्दात एक रीत पडली होती. डोक्यावर लटकणाऱ्या दगडाचा तिथे कुणाला भरवसा राहिला नव्हता. म्हणून नव्या सज्ज्याचे टेकू काढतात तेव्हा तो बांधणारा मेस्त्री खाली उभा राहतो, बरोबर सज्ज्याच्या खाली, टोपी काढून. आणि त्याला ज्यानं काम शिकवलं तो हयात असेल, तर तो त्याच्या शेजारी उभा राहतो. दोघं तिथून जिवंत बाहेर आले की मग बाकीच्यांनी खालून जायचं. संत वितोच्या उत्सवाला टेकू काढायचे ठरले होते.

उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी जेवताना ब्लासी म्हणाला, "बाबा, उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल. चढ फार आहे. तुमचे गुडघे..."

लिबोरियो पावाचा तुकडा कालवणात भिजवत होता. उजव्या बाजूनं त्याला चावता येत नसे, सगळं डावीकडे घेऊन सावकाश खायचा. "गुडघे गेले चुलीत," तो म्हणाला. "तुझे टेकू निघताना मी खाली नसेन? लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याला पोराच्या कामाचा भरवसा नाही."

"लोक काही म्हणत नाहीत."

"लोक दुसरं करतात काय?" म्हातारा हसला. तो हसला की तोंडाची एकच बाजू हसायची. "कमानीवर नाव आलंय म्हणे तुझं. मला वाचता येत नाही, पण बोट फिरवून बघीन. दगडावर तुझ्या आईबापाच्या घरचं काहीतरी राहिलं. मला बरं वाटलं."

आग्रिपिना नवऱ्याकडे बघत होती. आत्ता सांग, असं तिचे डोळे म्हणत होते. ब्लासीच्या ओठापर्यंत आलं होतं. बाबा, माझ्या हातून एक वाईट काम झालंय, एवढंच तर म्हणायचं होतं. त्यानं पाण्याचा पेला उचलला, रिकामा केला आणि म्हणाला, "ऑलिव्ह संपले का गं?"

आग्रिपिनानं ऑलिव्हची बरणी त्याच्यापुढे आदळली.

दुसऱ्या दिवशी महालापुढचा उतरता चौक माणसांनी भरला. संताची पालखी अजून देवळातच होती. बॅरन, त्याची बायको आणि पाहुणे सज्ज्याशेजारच्या खिडक्यांत उभे होते, कारण टेकू निघेपर्यंत सज्ज्यावर पाय ठेवायचा नाही हीही रीतच होती. परांची उतरवली होती आणि सगळी दर्शनी भिंत पहिल्यांदाच उघडी पडली होती, उन्हात ताज्या भाजलेल्या पावासारखी. लोक माना वर करून बघत होते. तुर्क बघून झाला, चुगलखोर बाई बघून झाली. मग सहाव्या तोंडाशी सगळ्यांच्या नजरा थांबल्या.

ब्लासी लिबोरियोचा हात धरून गर्दीतून आला. म्हातारा चढानं धापा टाकत होता, त्याचं लक्ष पायांखाली होतं. ब्लासीच्या मनात एक वेडी आशा होती, हा वर बघणारच नाही. दोघं सज्ज्याखाली उभे राहिले. दोघांनी टोप्या काढल्या.

"पहिला," कोला ओरडला, आणि हातोड्याच्या घावानं पहिला टेकू निसटला. लाकूड फरसबंदीवर आपटलं. सज्जा हलला नाही. दुसरा निघाला. तिसरा निघाला. प्रत्येक घावाबरोबर बायका क्रूसाची खूण करत होत्या. सगळे टेकू निघाले आणि सज्जा आपल्या सहा खांद्यांवर उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि कामाचा माणूस करतो तेच लिबोरियोनं केलं. ओझं कसं बसलंय ते बघायला त्यानं मान वर केली.

तो दगडांवरून एकेक करत नजर नेत होता. सहाव्यापाशी ती थांबली.

टाळ्या हळूहळू थांबल्या. गर्दीतून कुणीतरी बोललं, "काका, वर कोण बसलंय बघा." कुठेतरी हसू फुटलं आणि ते कणसातल्या दाण्यांसारखं भराभर सगळीकडे गेलं. खिडकीत बॅरनचे पाहुणे एकमेकांना कोपरानं ढोसून खाली बोट दाखवत होते. एकदा त्या दगडाकडे, एकदा म्हाताऱ्याकडे. बॅरनला हा माणूस असा खराखुरा अस्तित्वात आहे हे ठाऊकच नव्हतं. त्याला तर दुप्पट आनंद झाला.

"ब्लासी," तो वरून म्हणाला, "नमुना बरोबर घेऊन आलास की काय?"

चौकभर हशा पिकला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्या गावात कुणी म्हणत नाही, कारण तिनं तसं एकदा केलेलं आहे. पण ब्लासीला त्या क्षणी तेच हवं होतं. त्यानं तोंड उघडलं. खरं बोलायची ती वेळ होती, आणि त्याच्या तोंडून आलं ते चार आठवडे घोकून ठेवलेलं वाक्य.

"नाही, सरकार. याचं डावीकडे वाकडं आहे. बाबांचं उजवीकडे आहे. बघा ना."

बघा ना, असंही तो म्हणाला. आणि सगळ्यांनी बघितलं. म्हाताऱ्याच्या तोंडाकडे शेकडो माणसं एकदम निरखून बघू लागली, बाजारात खेचराचे दात बघतात तशी.

लिबोरियोनं वर बघायचं थांबवलं नव्हतं. त्याचा हात सावकाश उठला आणि आपल्या गालावर गेला. आधी डाव्या, मग उजव्या. उजव्या गालाच्या खड्ड्यात त्याची बोटं थोडा वेळ थांबली. मग तो गर्दीकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला,

"खरंच की. माझं उजवीकडे आहे. हा मी नव्हेच." आणि मग, एका बाजूनं हसत, "माझ्यापेक्षा देखणा आहे लेकाचा. मला कुणी इतक्या उंचावर बसवलं असतं का?"

आता लोक वेगळं हसले, मोकळेपणानं. कुणीतरी म्हणालं, "आहे बुवा खरं, बाजू वेगळी आहे." हशातली धार गेली. बॅरनचा थोडा हिरमोड झाला, पण तेवढ्यात संताची पालखी वळणावर आली आणि सगळे तिकडे धावले. जाण्याआधी लिबोरियोनं, आदल्या संध्याकाळी म्हटल्याप्रमाणे, कमानीपाशी जाऊन ब्लासीच्या नावावरून बोट फिरवलं, सगळी अक्षरं, एकही न वगळता. "खोल कोरलंस," तो म्हणाला. "छान."

दोघं उतरणीनं घराकडे निघाले. मागे घंटा आणि फटाके वाजत होते. ब्लासीच्या मनात लाज होती, पण खरं सांगायचं तर तिच्या तळाशी थोडी सुटकाही होती. म्हाताऱ्यानं स्वतःच म्हटलं, हा मी नव्हे. म्हणजे त्याला खरंच तसं वाटलं असेल. डावं-उजवं केलं ते कामी आलं. त्या सुटकेचीच त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

खालच्या आळीच्या तोंडाशी खेचरांसाठी दगडी कुंड होतं, लांबट, नेहमी काठोकाठ भरलेलं. सगळी जनावरं आज उत्सवात सजवून नेलेली, त्यामुळे पाणी निवांत होतं. लिबोरियो म्हणाला, "थांब जरा, तोंडावर पाणी मारतो." कुंडाच्या काठावर हात टेकून तो वाकला. तोल जाईल म्हणून ब्लासीनं मागून त्याला धरलं आणि त्याच्या खांद्यावरून त्याची नजर पाण्यात गेली.

पाण्यातल्या तोंडाचा डावा गाल आत गेलेला होता. डावा डोळा अर्धा मिटलेला होता. ओठ डावीकडे ओघळलेला होता. महालाच्या सज्ज्याखाली जे होतं, ते जसंच्या तसं इथे पाण्यात होतं.

ब्लासीला शनिवार आठवले. परसातली बादली, तिच्यावर वाकलेला लिबोरियो आणि त्याच्या हातातला वस्तरा. बेचाळीस वर्षं या माणसानं स्वतःला फक्त पाण्यात पाहिलं होतं. गावासाठी ते तोंड उलटं होतं. जगात एकच माणूस असा होता की ज्याला ते तंतोतंत आपलं वाटणार होतं, आणि त्याला कळू नये म्हणूनच तर ब्लासीनं ते उलटं केलं होतं.

"बाबा," तो म्हणाला. तो कुंडाशेजारी खाली बसला, गुडघ्यांत डोकं घातलं. "बाबा, मी... तुम्ही कशाला म्हणालात तसं?"

लिबोरियोनं ओंजळ भरून तोंडावर मारली. पाणी मोडलं, तोंड नाहीसं झालं. बाहीनं गाल पुसत तो म्हणाला, "एवढ्या लोकांत तुला खोटं पाडू?"

मग तो काठावर टेकला. पाणी पुन्हा स्थिर होईपर्यंत बघत राहिला.

"कानाचा कपचा कसा उडाला?"

"फोडायला गेलो होतो. उशीर झाला होता. दगडानं साल धरली होती."

"हं." म्हाताऱ्यानं मान हलवली. "नाक थोडं मोठं झालंय. बाकी कुठे चुकला नाहीस. पापणी तर..." तो थांबला. "मला वाटायचं, रोज बघून बघून तुम्हा लोकांना ते दिसत नसेल आता."

ब्लासी रडत होता. सेहेचाळीस वर्षांचा, चार पोरांचा बाप, कमानीवर नाव आलेला माणूस. लिबोरियोनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि रागही धरला नाही. तो नुसता बसला होता, आणि कामाबद्दल बोलतात तसं सावकाश बोलला.

"खाणीच्या कुठल्या थरातला दगड तो?"

"खालच्या. तुम्ही दाखवला होता तो."

"चांगला निवडलास. ते पाच एखादे वेळी झिजतील. तो दोनशे वर्षं हलायचा नाही."

मग तो उठला. पुढे उतार होता आणि गुडघे दुखत होते, म्हणून नेहमीसारखा त्यानं ब्लासीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं घरी गेले.